मेलचा प्रोग्रॅम पासवर्ड खरंच विसरतो का? चावी हरवली की कुलूप बदललं, ते आधी बघा

गिरगावात ठाकुरद्वारजवळ एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अकाउंट्सचं एक छोटं ऑफिस आहे. चार टेबलं, चार कॉम्प्युटर आणि सगळ्या क्लायंटची बिलं येतात तो एकच मेल आयडी. महिन्याची १९ तारीख होती. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३-बी विवरणपत्र भरायची मुदत संपणार होती आणि चारही पडद्यांवर तीच छोटी खिडकी उघडली होती: पासवर्ड टाका. टाकला की जायची, दहा मिनिटांनी परत हजर.

"अगं, ह्याला सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही. मशीन म्हातारं झालंय का?" ऑफिसच्या काकांनी मला विचारलं. त्यांच्या कीबोर्डाखाली एक चिठ्ठी होती. निळ्या पेनाने लिहिलेले तीन पासवर्ड, तिन्ही खोडलेले, खाली चौथा. वैतागून त्यांनी दोन दिवसांत तीन वेळा पासवर्ड बदलला होता.

छोट्या ऑफिसांचे आणि सोसायट्यांचे कॉम्प्युटर बघणं हे माझं काम आहे, आणि मेलसाठी येणाऱ्या फोनांत हीच तक्रार सगळ्यात जास्त असते. लोक तिला ‘प्रोग्रॅम पासवर्ड विसरतो’ म्हणतात आणि मग विसराळूपणावरचे उपाय करत सुटतात. बहुतेक वेळा प्रोग्रॅम काहीच विसरलेला नसतो. पासवर्ड त्याच्याजवळ असतो, फक्त समोरचा तो घेत नाही. हा फरक पाच मिनिटांत कळू शकतो. तो आधी समजून घेतला तर दोन दिवस वाया जात नाहीत.

चाळीतली चावी

चाळीत घराची चावी शेजारच्या काकूंकडे ठेवून कामाला जायची पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. मेलच्या प्रोग्रॅमला ‘पासवर्ड लक्षात ठेव’ म्हणून खूण करता, तेव्हा तुम्ही नेमकं हेच करता. थंडरबर्ड, आउटलुक, मॅकवरचं मेल हे सगळे प्रोग्रॅम म्हणजे त्या काकू. तुमचे मेल राहतात ते घर दूर आहे. ते गूगलच्या, मायक्रोसॉफ्टच्या किंवा तुमची वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर आहे. त्याला सर्व्हर म्हणतात. प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी तिथे जातो, चावी लावतो, नवीन मेल घेऊन येतो.

आता दार उघडलं नाही तर काय झालं असेल? एक तर काकूंकडून चावी गहाळ झाली, नाही तर घरमालकाने कुलूप बदललं. बाहेर उभ्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं. मेलच्या प्रोग्रॅमचंही तेच होतं. त्याच्याकडे दोन्हीसाठी एकच वाक्य आहे: पासवर्ड टाका. तो कधी ‘माझ्याकडे पासवर्ड नाही’ म्हणत असतो आणि कधी ‘पासवर्ड होता, दिला, पण नाकारला’ म्हणत असतो. आपण मात्र दरवेळी पहिलाच अर्थ घेतो.

पाच मिनिटांची परीक्षा

खिडकी आली की पासवर्ड टाका, लक्षात ठेवायच्या चौकटीत खूण करा, मग प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आता काकूंची पेटी उघडून बघायची.

थंडरबर्डमध्ये ती सेटिंग्जमध्ये असते: ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’. आउटलुक मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस-खात्यांचा पासवर्ड स्वतः ठेवत नाही, विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’कडे देतो. विंडोजच्या शोधपट्टीत हे नाव टाइप केलं की तो उघडतो. त्यात ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’वर जा. मॅकवर हेच काम ‘कीचेन’ करतं.

यादीत तुमच्या खात्याची नोंद असेल आणि तरीही खिडकी येत असेल, तर चावी आहे, कुलूप बदललंय. दोष सर्व्हरच्या बाजूला शोधा. यादी रिकामी असेल किंवा नुकतीच केलेली नोंद प्रोग्रॅम बंद करताच गायब होत असेल, तर चावी खरंच हरवतेय आणि दोष तुमच्या कॉम्प्युटरात आहे. ही परीक्षा घेतल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, असं मी कळकळीने सांगते.

चावी हरवते तेव्हा

पासवर्ड साध्या अक्षरांत ठेवला तर कोणीही फाइल उघडून वाचेल. म्हणून तो सरमिसळ करून ठेवतात, जेणेकरून ठरावीक किल्लीशिवाय त्याचा अर्थ लागणार नाही. ह्याला एन्क्रिप्शन म्हणतात. म्हणजे काकूंनी तुमची चावी उघड्यावर न टांगता तिजोरीत ठेवली. पण त्या तिजोरीलाही किल्ली लागतेच, आणि खरा घोळ तिथे होतो.

विंडोजमध्ये ही तिजोरी तुमच्या लॉगिनच्या पासवर्डाशी बांधलेली असते. विंडोज २००० पासून ही सोय आहे. तुम्ही स्वतः जुना पासवर्ड देऊन नवीन ठेवलात, तर विंडोज तिजोरी जुन्या किल्लीने उघडून नव्या किल्लीने बंद करतं. काहीच बिघडत नाही. पण लॉगिनचा पासवर्ड विसरलात, मशीन दुकानात नेलंत आणि तिथे कोणी जुना पासवर्ड न विचारता तो रिसेट करून दिला, तर तिजोरी जागच्या जागी राहते आणि तिची किल्ली गेलेली असते. लोक सांगतात, ‘दुरुस्तीहून आल्यापासून मेल विसरायला लागला.’ माझा पहिला प्रश्न असतो: दुकानदाराने पासवर्ड तोडून दिला होता का? पुष्कळदा उत्तर ‘हो’ येतं. जुना पासवर्ड अचानक आठवला, तर तोच पुन्हा ठेवून तिजोरी उघडता येते. नाही तर जुन्या नोंदींवर पाणी सोडायचं, त्या काढून टाकायच्या आणि पासवर्ड नव्याने साठवायचे.

थंडरबर्डची तिजोरी वेगळी असते. त्याच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये, म्हणजे तुमचे मेल आणि सेटिंग्ज राहतात त्या फोल्डरमध्ये, दोन फायली असतात. ‘लॉगिन्स’ नावाच्या फाइलीत सरमिसळ केलेले पासवर्ड आणि ‘की-फोर’ नावाच्या फाइलीत त्यांची किल्ली. वीज गेली, यूपीएसने दगा दिला, मशीन मध्येच बंद पडलं आणि किल्लीची फाइल खराब झाली, की पासवर्ड असून नसल्यासारखे. उपाय सोपा आहे. प्रोग्रॅम बंद करा, दोन्ही फायलींची नावं बदला (पुसू नका), प्रोग्रॅम उघडा. तो नव्या फायली तयार करतो, मग पासवर्ड एकदाच टाकायचे. फोल्डर सापडत नसेल तर ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये ते उघडायचं बटण आहे.

आणखी एक चोर असतो, तो आपणच घरात आणलेला. कॉम्प्युटर ‘साफ’ करणारे, ‘वेगवान’ करणारे प्रोग्रॅम. त्यांच्या यादीत साठवलेले पासवर्ड पुसायचीही चौकट असते. कोणीतरी कधीतरी सगळ्याच चौकटींवर खुणा करून ठेवलेल्या असतात, आणि मग रोज संध्याकाळी सफाई होते, रोज सकाळी मेल पासवर्ड विचारतो. पासवर्ड दररोज एकाच सुमारास जात असेल तर आधी तिकडे बघा.

विंडोजने तुमच्या नेहमीच्या खात्याऐवजी कोरं ‘तात्पुरतं प्रोफाइल’ उघडलं असेल तरी हेच होतं. डेस्कटॉपवरची चित्रं आणि फायली दिसेनाशा झाल्यात का ते पाहा. मशीन बंद केल्यावर त्या प्रोफाइलातलं काहीच राहत नाही, पासवर्डही नाही.

दोष कधी वापरणाऱ्याचा नसतोच, हेही मान्य केलं पाहिजे. मे २०२० मध्ये विंडोज १० ची ‘२००४’ नावाची आवृत्ती आली, आणि पुष्कळ लोकांच्या मशीनवर आउटलुकसकट अनेक प्रोग्रॅम खरोखरच पासवर्ड विसरू लागले. ठरावीक वेळी आपोआप चालणारी काही कामं विंडोजच्या यादीत असतात. त्यातल्या एका विशिष्ट प्रकारच्या कामांमुळे तिजोरीचा घोळ होत होता. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला आणि २०२१च्या सुरुवातीच्या अपडेटमध्ये तो दुरुस्त केला. तोवर हजारदा पासवर्ड टाकूनही उपयोग नव्हता. म्हणून अपडेट अडवून ठेवू नयेत.

कुलूप बदलतं तेव्हा

गेल्या काही वर्षांत हे जास्त घडतंय, आणि ह्यात प्रोग्रॅमचा काहीच अपराध नाही.

पूर्वी मेल आयडी आणि पासवर्ड दिला की काम व्हायचं. अडचण अशी, की ही चावी प्रत्येक प्रोग्रॅमकडे, प्रत्येक मशीनवर जशीच्या तशी राहायची. एकीकडून चोरीला गेली की अख्खं घर उघडं. म्हणून मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत बंद करायला घेतली. गूगलने घरगुती खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून, साधा पासवर्ड देऊन आत येऊ पाहणारे प्रोग्रॅम थांबवले. मायक्रोसॉफ्टने ऑफिसांच्या खात्यांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून हे टप्प्याटप्प्याने बंद केलं, आणि आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल अशा घरगुती खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून.

त्याजागी जे आलं ते लोकलच्या पाससारखं आहे. खिडकीवर एकदा ओळखपत्र दाखवून पास काढता, मग टीसी फक्त पास बघतो. तसंच आता प्रोग्रॅम तुम्हाला गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर नेतो. पासवर्ड तुम्ही तिथे टाकता, मोबाइलवर आलेली विचारणा मंजूर करता आणि ती कंपनी प्रोग्रॅमला एक पास देते. ह्या पासला टोकन म्हणतात आणि ह्या पद्धतीला ओऑथ. प्रोग्रॅमजवळ तुमचा पासवर्ड राहतच नाही, फक्त पास राहतो. तो कामापुरता असतो, सुमारे तासाभराचा. त्याबरोबर नूतनीकरणाचा एक दुसरा पासही मिळतो आणि प्रोग्रॅम त्यावर मुकाट्याने नवे पास काढत राहतो.

पाससारखाच हाही बाद होतो. तुम्ही गूगलचा पासवर्ड बदललात की मेलसाठी दिलेले पास रद्द होतात. सहा महिने वापरलाच नाही तरी रद्द होतो. म्हणून पासवर्ड बदलल्यावर प्रत्येक मशीनवर एकदा नव्याने साइन-इन करावं लागतं.

जुना प्रोग्रॅम असेल तर त्याला पास घेताच येत नाही. आउटलुक २०१० ला ही पद्धत माहीत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस-खात्यांसाठी २०१३ ला ती मुद्दाम चालू करून द्यावी लागते, २०१६ पासून ती मुळातच आहे. थंडरबर्डच्या नव्या आवृत्त्यांना ती येते, पण खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’च्या जागी ‘ओऑथ-२’ निवडलेलं असायला हवं. जुन्या खात्यांत तिथे ‘नॉर्मल पासवर्ड’ तसंच राहून गेलेलं असतं. एवढी एक ओळ बदलली आणि महिन्यांची कटकट संपली, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. शिवाय थंडरबर्डमध्ये कुकीज (वेबसाइट तुमच्या मशीनवर ठेवते त्या छोट्या नोंदी) बंद केल्या असतील तर गूगलचं साइन-इन अडतं. त्या चालू ठेवा.

‘पण तोच पासवर्ड वेबवर चालतो की!’

हे मला दर वेळी ऐकायला मिळतं, आणि आक्षेप रास्त आहे. वेबवर तुम्ही स्वतः पुढच्या दाराने जाता, तिथे पासवर्डासोबत मोबाइलवरची खात्रीही होते. प्रोग्रॅम मागच्या दाराने जातो आणि तिथे नुसता पासवर्ड दिला तर आता आत घेत नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो तो ह्यामुळे.

जुना प्रोग्रॅम सोडवतच नसेल, तर गूगलकडे एक वाट आहे: ‘ॲप पासवर्ड’. खात्यात दोन टप्प्यांची खात्री आधी चालू करायची, मग गूगल १६ अक्षरांचा एक वेगळा पासवर्ड तयार करून देतं. प्रोग्रॅममध्ये नेहमीच्या पासवर्डाऐवजी तो टाकायचा. हा त्या एका प्रोग्रॅमपुरता, हवा तेव्हा रद्द करता येतो. मात्र गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की सगळे ॲप पासवर्डही रद्द होतात. हे माहीत नसल्यामुळे लोक ‘सुरक्षेसाठी’ पासवर्ड बदलतात आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमला विसराळू ठरवतात.

‘फोनवर तर मेल येतायत’

येणारच. फोनकडे त्याचा स्वतःचा पास आहे. तुमचा पास चालतो म्हणून शेजारच्या प्रवाशाचाही चालेल असं नाही. फोन चालू असण्यावरून एवढंच कळतं, की खातं बंद पडलेलं नाही.

मेल येतात पण जात नाहीत, आणि खिडकी फक्त ‘सेंड’ दाबल्यावर येते, असंही होतं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलसाठी दोन वेगळे सर्व्हर असतात आणि त्यांच्या नोंदीही वेगळ्या असतात. पासवर्ड बदलताना एक बदलली जाते, दुसरी राहते. यादीत दोन्ही बघा.

‘प्रोग्रॅम काढून परत टाकला तर?’

कृपा करून लगेच हे करू नका. एक तर उपयोग कमी. प्रोग्रॅम काढला तरी खात्यांची माहिती आणि पासवर्डांच्या फायली सहसा तशाच राहतात आणि नव्याने टाकलेला प्रोग्रॅम तीच जुनी तिजोरी उघडायला जातो.

दुसरं कारण गंभीर आहे. तुमचं खातं ‘पॉप’ पद्धतीचं असेल तर मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्या मशीनवर ठेवले जातात, आणि पुष्कळ ठिकाणी सर्व्हरवर काही उरत नाही. ‘आयमॅप’ पद्धतीत मूळ प्रत सर्व्हरवर असते. आता पॉपवाल्या माणसाने रागाच्या भरात खातं उडवलं, वर प्रोफाइलचं फोल्डरही पुसलं, तर पासवर्डाच्या नादात दहा वर्षांचा पत्रव्यवहार जातो. हे नुकसान मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्या माणसाला काय सांगावं ते मला सुचलं नव्हतं. कुठलीही दुरुस्ती करण्याआधी प्रोफाइलचं अख्खं फोल्डर, आउटलुक असेल तर त्याची मेल साठवणारी पीएसटी फाइलसुद्धा, बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा.

‘ही खिडकी खोटी नाही कशावरून?’

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. सगळ्यांनी विचारायला हवा. पासवर्डाची खिडकी रोज दहा वेळा दिसली की हात आपोआप टाइप करायला लागतो. फसवणाऱ्यांना हेच हवं असतं.

प्रोग्रॅम स्वतः उघडल्यावर आलेली खिडकी आणि मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारल्यावर उघडलेलं पान ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘तुमचा मेलबॉक्स आज बंद होणार, इथे पासवर्ड द्या’ असा मेल आला तर तिथे काहीही टाकू नका. शंका वाटली तर ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जा. आणि ‘मेल दुरुस्त करून देतो’ म्हणून कोणी अनोळखी माणूस फोनवर ओटीपी मागत असेल किंवा तुमचा पडदा त्याला दिसेल असं ॲप टाकायला लावत असेल, तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० ह्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा, जितक्या लवकर तितकं बरं.

चार कॉम्प्युटर, एक खातं

आता ठाकुरद्वारचं ऑफिस. तिथे मी आधी यादी उघडली. पासवर्ड जागेवर होता. म्हणजे विसराळूपणा नव्हता. खात्यात ‘ऑथेंटिकेशन मेथड’ तपासली, तीही बरोबर. एक मशीन चालू ठेवून बाकीची तीन बंद केली, आणि त्या एका मशीनवर अर्धा तास खिडकी आली नाही. दुसरं चालू केलं, तरी नाही. चौथं चालू केलं आणि पाच मिनिटांत दोन टेबलांवर खिडक्या उघडल्या.

चावी आहे, कुलूप तेच आहे, पण खोलीत उभं राहायला जागा नाही, असा हा तिसरा प्रकार. मेलचा प्रोग्रॅम सर्व्हरशी एकच जोडणी करत नाही. इनबॉक्स, पाठवलेले, ड्राफ्ट अशा फोल्डरांसाठी तो एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतो. थंडरबर्ड मुळात पाचपर्यंत उघडतो. सर्व्हरही मर्यादा ठेवतात. जीमेल आयमॅपसाठी एका खात्याला एका वेळी १५ जोडण्या देतं. चार मशीन गुणिले पाच म्हणजे वीस, वर दोघांचे फोन. मर्यादा ओलांडली की सर्व्हर जास्तीच्या जोडण्या नाकारतो, आणि काही प्रोग्रॅम त्या नकाराचं भाषांतर ‘पासवर्ड टाका’ असंच करतात.

काकांच्या मेल-सेवेचीही अशीच मर्यादा होती. आणि त्यांनी केलेल्या उपायाने काय झालं बघा. एका मशीनवर पासवर्ड बदलला की उरलेल्या तिघांजवळचा जुना झाला. ती तिघं जुनी चावी लावत राहिली, सर्व्हर नाकारत राहिला, खिडक्या वाढत गेल्या.

चारही प्रोग्रॅमांत खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली जोडण्यांचा आकडा होता. पाचाचा दोन केला. प्रत्येक मशीनवरच्या जुन्या नोंदी यादीतून काढल्या, चौथा पासवर्ड सगळीकडे एकदाच टाकला. रात्रीचे साडेआठ वाजले होते. चारही मशीन चालू ठेवून आम्ही चहा घेतला आणि तासभर वाट पाहिली. एकही खिडकी आली नाही.

निघताना काकांनी कीबोर्डाखालची चिठ्ठी काढली, फाडली आणि म्हणाले, "मग नव्याने कुठे लिहून ठेवू?" मी त्यांच्या फोनवर पासवर्ड सांभाळणारं एक ॲप टाकून दिलं. त्याचा एक मुख्य पासवर्ड त्यांनी पाठ केला आणि कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घरच्या कपाटात ठेवायला घेतला.